शून्याचा फोन

विरार पूर्वेला चंदनसारला मी फ्लॅट घेतला, तेव्हा आमच्या बिल्डिंगमध्ये मोजून तीन घरं लागली होती. बाकी सगळी कुलपं. एकटी बाई, लग्न नाही, म्हणून खालच्या मजल्यावरच्या काकूंना माझी भारी काळजी. पण बिल्डिंगमध्ये फोन फक्त माझ्याकडे, त्यामुळे बोलायच्या मात्र गोड. तो फोन माझ्या कंपनीने बसवून दिला होता. भाड्याने छोटी विमानं चालवणारी कंपनी, आणि त्या विमानांच्या उड्डाणाचे तास सांभाळणं हे माझं काम.

चाकं जमीन सोडतात तिथपासून पुन्हा टेकेपर्यंतचा वेळ, तेवढाच धरायचा. तास ठरलेल्या आकड्याला पोचले की तपासणी. म्हणून रोजचं उड्डाण बघून तपासणी कधी येईल याचा अंदाज बांधायचा, हँगरमध्ये जागा धरून ठेवायची, सुटे भाग मागवायचे. वैमानिक कुरकुरायचे, साहेब कुरकुरायचे. मी कुणाला भीक घालत नसे.

एक विमान लांब पूर्व किनाऱ्यावर असायचं. तिथला मेकॅनिक मूळ मालवणकडचा. तो संध्याकाळी माझ्या घरी फोन करून दिवसाचे तास सांगायचा. विमान उडालं नाही तर फोन नाही, असा नियम. तरी एका पावसाळी संध्याकाळी फोन वाजला. आज शून्य, म्हणाला. मी म्हटलं, मग फोन कशाला केलात? तर म्हणे, कळवलेलं बरं. तिथून पुढे शून्यं येतच राहिली, आणि त्यांच्या जोडीला कधी तिकडच्या पावसाची खबर, कधी मेसमधल्या पाणचट डाळीची तक्रार. तो फोन चुकू नये म्हणून मी वाटेत भाजी घ्यायलासुद्धा थांबेनाशी झाले.

मोठी तपासणी मुंबईत व्हायची होती आणि विमानाबरोबर तो येणार होता. मला त्याला बघायचं होतं. झालं, सांगून टाकलं. त्याने आमच्याकडची सुकेळी, म्हणजे सोलून उन्हात वाळवलेली केळी, कधी खाल्ली नव्हती. ती द्यायचं मी कबूल केलं होतं. पण पाऊस हटेना. विमान उडेना, तास भरेनात, आणि माझा अंदाज पुढेपुढे सरकत राहिला. ज्या शून्यामुळे फोन यायचा, त्याच शून्यामुळे भेट लांबायची. चिडायचं तरी कुणावर? काकूंवर चिडले.

अखेर विमान आलं. वसईच्या बाजारातून सुकेळी घेऊन, इस्त्रीची साडी नेसून मी हँगरमध्ये गेले. वैमानिक उतरला, त्याच्यामागून एक अनोळखी माणूस. तो नवा मेकॅनिक होता. आधीच्याला आखातात नोकरी लागली, व्हिसा आला तसा निघून गेला, असं त्याने सांगितलं. अहो, परवापर्यंत तर माझ्याशी फोनवर बोलत होता! जातोय म्हणून चकार शब्द नाही. सुकेळी मी काकूंना देऊन टाकली.

तपासणी होऊन विमान परत गेलं. आता नवा माणूस फोन करायचा, तास सांगून ठेवून द्यायचा. मग तिकडे परतीचा पाऊस लागला आणि एका संध्याकाळी तो म्हणाला, "मॅडम, आज शून्य."

मग फोन कशाला केलात, मी विचारलं.

"ते जाताना सांगून गेलेत, विमान उडालं नाही तरी मॅडमना फोन करायचा. एकट्या असतात."

माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. एकट्या असतात! म्हणजे इतके दिवस माझी कीव करत होता की काय? का दुसरं काही होतं? विचारणार कुणाला?

"नियम तसा नाही," मी म्हटलं. "शून्याला फोन करायचा नाही."

बरं, म्हणाला.

दुसऱ्या दिवशीही तिकडे पाऊस असल्याचं बातम्यांत सांगितलं. मी भाजी न घेताच घरी आले आणि फोनजवळ बसून राहिले. नव्या माणसाने नियम पाळला.