जातंय की

माझी थोरली जाऊ एका शब्दापायी मेली. ऐकणाऱ्याला राग आला तर येऊ दे.

दिवस भरायच्या आधीच तिचं पोट पडलं. सुईणीनं आत हात घालून काय खरवडलं देव जाणे! ताप हटेना, ओटीपोट दगडासारखं झालं, वासानं खोलीत उभं राहवेना. कसबा बावड्यातल्या आमच्या घरी डॉक्टर आला तो उंबऱ्याबाहेरच थांबला. घरच्या बाप्यांसमोर 'लघवी' म्हणायला लाजला मेला. सासूला विचारलं, "जातंय ना नीट?"

सासूला वाटलं, अंगावरून जातंय का म्हणतोय. "जातंय की! लई जातंय!" डॉक्टरनं पुड्या दिल्या आणि तो निघाला.

मी चुलीपुढनं ओरडले, "अवो, आक्का कालधरनं मुतल्याच न्हाईत!"

थोरल्या दिरांनी आत येऊन अशी कानशिलात भडकावली, की डोळ्यापुढं काजवे चमकले. "बाप्यांम्होरं असलं बोलतीस? लाज न्हाय?" तोवर डॉक्टरची सायकल गेलीसुद्धा.

मग आक्कांचं तोंड सुजलं. बरळायला लागल्या, झटके यायला लागले. सासू म्हणाली, बाहेरचं हाय. देवर्षी आणला. मिरच्यांचा धूर केला, केस धरून ओढलं, लिंबाच्या ओल्या फोकानं पाठीवर सपासप मारलं. "बोल, कोन हाईस?" ती कुठली बोलतेय! मी धुराचं घमेलं लाथेनं उडवलं, देवर्ष्याच्या मनगटाला कडकडून चावले. नवरा ओढायला आला तर त्यालाही ओरबाडलं. "गाडी जुपा, न्हायतर घर पेटवून देते!" तेव्हा कुठं बैल जुपले.

दवाखान्यात नळी घातली. भांड्यात नुसते काळपट थेंब आले. तिथला डॉक्टर दिरांवर खेकसला, "गर्भाशयातला पू रक्तात भिनलाय, मूत्रपिंडं बंद पडलीत. लघवी थांबली हे कुणी सांगितलं नाही?" दिरांचा गळा दाबावासा वाटला मला. इंजेक्शनं टोचली, पण आक्का दुसऱ्या दिवशी गेल्या.

घरी आणून त्यांना हिरवं लुगडं नेसवलं, मळवट भरला. गल्लीतल्या बायका पाया पडून म्हणायला लागल्या, "भाग्याची गं बाई, अहेव गेली!"

माझं डोकंच फिरलं. मी आक्कांना कुशीवर वळवलं आणि पाठीवरचं लुगडं फराकन ओढलं. सगळी पाठ काळीनिळी.

"हे बघा भाग्य! बघा पोटभर!"

झाकायला सासूनं हात पुढं केला. तो मी पिरगाळला.