हातानं दिलेलं

१९४८च्या वैशाखातली सकाळ. पेडगावच्या घरात शिवम्मा तळहातावर लिंग घेऊन पूजेला बसल्या होत्या. सून शांतम्मा भाकरी थापत होती आणि मुलगा मन्मथअप्पा दुकानाच्या फळ्या काढायला निघाला होता. तेवढ्यात मागच्या दाराची कडी वाजली. त्या दारानं कधी कुणी येत नसे.

ही शांतम्मा म्हणजे माझ्या सासूबाई. ज्वारी निवडता निवडता त्यांनी मला हे तुकड्यातुकड्यानं सांगितलं.

दारात गावचा येसकर, वेशीची राखण करणारा मुंजाजी होता. पोखर्णीच्या वाटेला घोडे दिसले, उद्या दिवस उगवायला इथं येतील, असं तो म्हणाला. गावोगाव घरं लुटणाऱ्या त्या टोळीचं नाव तेव्हा कुणी घेत नसे. नुसतं 'ते' म्हटलं तरी पुरे व्हायचं. दुकानदाराचं घर त्यांच्या डोळ्यावर पहिलं. पलीकडच्या गावात एका म्हातारीकडं त्यांना काहीच सापडलं नव्हतं.

"न्हाई म्हनलेलं त्यान्ला पटत न्हाई, माय," मुंजाजी म्हणाला. म्हातारीचं पुढं काय झालं ते त्यानं सांगितलं नाही. दिलेलं पाणीही न पिता गेला.

शिवम्मांकडंही काहीच नव्हतं. त्यांचे सासरे सिद्रामप्पा यांनी सोनं घरात पुरून ठेवलं होतं. एके दिवशी अंगावरून वारं गेलं, वाचा बसली. आठ दिवस नुसते जमिनीकडं बोट करत होते, मग गेले. पोरांनी दोन वर्षं घर उकरलं. सोनं सापडलं नाही, पण भावाभावांनी एकमेकांवर आळ घेतला आणि चुली वेगळ्या झाल्या. शिवम्मा तेव्हा नव्या सून होत्या. खड्डे बुजवायला शेण-माती त्यांनीच कालवली.

म्हणून नवरा वारल्यावर त्यांनी शेत-दुकान मुलाच्या नावावर केलं आणि सून घरात आली त्याच दिवशी पाटल्या, सरी, पुतळ्यांची माळ तिच्या अंगावर घातली. शेजारच्या बायनाबाईंनी टोमणा मारला होता, "ताट वाढून दिलंस शिवम्मा, बसायचा पाट तरी ठेवायचा." शिवम्मा हसल्या होत्या. "माझ्या डोळ्यादेखत जेवू दे की. मागं भांडून उष्टं करण्यापरीस बरं."

मुंजाजी गेल्यावर त्यांनी आधी पूजा पुरी केली. मग गाडी जुंपायला सांगितली. वऱ्हाडाची हद्द दोन मुक्काम लांब होती; ती ओलांडली की टोळीचा हात पोचत नसे. शांतम्मानं अंगावरचं सगळं उतरवून फडक्यात बांधलं आणि कमरेला आवळलं.

मन्मथअप्पा आईलाही चल म्हणत होता. त्यांनी ऐकलं नाही. दाराला कुलूप दिसलं तर घोडे थेट गाडीमागं सुटतील. चुलीचा धूर निघाला, दुकान उघडं राहिलं, तर निदान एक दिवस पदरात पडेल.

"ते तुला इचारतील," मुलगा म्हणाला.

"इचारू दे. मला कुठं ठाऊक हाय तुमी कुठं जायलाव ते."

त्यांना ते पक्कं ठाऊक होतं. आणि हे त्यालाही कळत होतं. तो चौकटीला धरून उभाच राहिला. शेवटी शिवम्मांनीच बैलाच्या पाठीवर थाप मारली, तेव्हा तो गाडीत चढला.

गाडी हलणार इतक्यात त्या चाकापाशी आल्या. शांतम्माला वाटलं, काही शिदोरी द्यायची राहिली असेल. पण त्यांनी रिकामा हात पुढं केला. सोनं दिल्यापासून दोन वर्षांत त्यांनी सुनेकडं काही मागितल्याचं सासूबाईंना आठवत नाही.

"शांतम्मा, समदं तुझंच हाय बाई," त्या म्हणाल्या. "फकस्त एक पाटली मला माघारी दे. ते आले की त्यांच्या हातात द्यायला कायतरी पायजे."