चार दिवसांचा पाला

"आधी पाय चुन्यात," शोभाताई म्हणाल्या. "अत्तर-बित्तर लावलं असंल तर आत येऊ नका, दादा. तंबाखूच्या हाताचा माणूस बी मी बाहेरच उभा करते. आमचे मालक कायम बाहेरच ऱ्हातात."

चुन्याच्या भुकटीत पाय टेकवून मी शेडमध्ये गेलो. रॅकवर बोटाएवढ्या पांढऱ्या रेशीम अळ्या तुतीचा पाला खात होत्या. चौथी कात टाकून झाली होती. आणखी चार दिवस पोटभर पाला मिळाला की कोष. पावसात दोनदा सोयाबीन कुजलं, तेव्हा या घराने अर्ध्या रानात तुती लावली.

शोभाताई माझ्या मित्राची बहीण. शेतीतले नवे पर्याय पाहायला मी निघालो होतो. नांदेडहून लोहामार्गे अहमदपूरला एसटी मिळते, पुढे काळीपिवळी जीप. ती भरल्याशिवाय सुटत नाही, तेवढ्यात स्टँडसमोर पिठलं-भाकरी खाऊन होते. वाटेत लोह्याजवळ ड्रॅगन फ्रूटची बाग पाहिली. सिमेंटचे खांब रांगेत उभे होते, वेल वाळून गेले होते. खांबांना म्हशी बांधल्या होत्या. "फोटो काढा की म्हशीचा," मालक म्हणाला.

दुपारी बांधापलीकडे पिकअप थांबली. शोभाताईंचे दीर दत्ता यांनी फवारणीचा ड्रोन मागवला होता. त्यांच्या सोयाबीनची अळीने चाळणी केली होती.

"भाऊजी, चार दिवस थांबतो म्हणले होते की न्हाई?"

"मशीन एकच हाय, वहिनी. आज नंबर लागला. पुन्हा लागंस्तोवर काड्या उरतील."

"वारा आमच्याकडं हाय."

"बांधाकडच्या दहा ओळी सोडतो. वाऱ्याला काय सांगू? अळ्याच हायेत दोघांच्या. तुम्ही जगवायलाव, मी मारायलो."

त्यांनी दहा ओळी खरंच सोडल्या. ड्रोन चार-पाच फेऱ्या मारून उतरला. तुतीच्या पाल्यावर काही दिसत नव्हतं. वास येत होता.

शेड बंद होती, अळ्यांना काही झालं नाही. त्यांना संध्याकाळचा पाला हवा होता. शोभाताईंनी रेशीम गटातल्या बायकांना फोन केले. सगळ्यांनी अळ्यांची पिल्लं एकाच दिवशी आणलेली, म्हणजे सगळ्यांच्या अळ्या आता याच भुकेच्या. जादा पाला कुणाकडेच नव्हता.

विहिरीकडच्या टोकाला फवारा पोचला नसेल, म्हणून तिथला पाला तोडला. धुतला, फडक्याने टिपला. दहा अळ्या सुपात वेगळ्या काढून त्यांच्यापुढे टाकला. त्या धड राहिल्या तर सकाळी बाकीच्यांना घालायचा. तोवर बाकीच्या उपाशी.

"धुतल्यानं जातं का?" मी विचारलं.

"न्हाई जात," त्या म्हणाल्या, आणि उरलेला पाला धूत राहिल्या.

घरी येऊन आठवडा झाला. फोटोंत ड्रोन सुरेख दिसतो. तिकडे जायचं की नाही, असं मला विचारू नका. रस्ता चांगला आहे, माणसं जेवल्याशिवाय सोडत नाहीत.

फवारणीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सुपातल्या दहाही अळ्या माना टाकून पडल्या होत्या, तोंडाशी हिरवं पाणी. दत्ता न बोलावता फावडं घेऊन आले आणि तुतीच्या कडेला खड्डा खणू लागले. रॅकवरच्या अळ्या उपाशी, पण जिवंत होत्या. शोभाताई त्या खड्ड्यासाठी टोपल्यांत भरत होत्या.