खाकी कवर

म्हैसूरला आल्यावर माझं पहिलं भांडण झालं ते कवरवरून. मंडी मोहल्ल्यातल्या एका किराणा दुकानात मी डाळ, रवा, गूळ असं सामान मोजून घेतलं, आणि दुकानदार म्हणाला, "कवर इल्ला, मेडम." इल्ला म्हणजे नाही, एवढं कन्नड मला येत होतं. पण मी पाकीट मागितलंच कुठे होतं? "मला काय गुळाला पत्र लिहायचंय?" असं मी त्याला हिंदीत विचारलं. त्याचं हिंदी माझ्या कन्नडइतकंच. तो पुन्हा पुन्हा "कवर इल्ला" म्हणत राहिला, मी पुन्हा पुन्हा "नकोच आहे" म्हणत राहिले, आणि शेवटी ओढणीत गूळ बांधून, रागाने फणफणत जयलक्ष्मीपुरमच्या भाड्याच्या घरी परत आले.

दुसऱ्या दिवशी कॉलेजात स्टाफरूममध्ये हे सांगितलं, तर अक्का डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. "अगं, कवर म्हणजे पिशवी! प्लास्टिकचं कवर आता ठेवत नाहीत म्हणून सांगत होता तो बिचारा." उठून त्यांनी आपल्या खणातून घडी केलेली एक कापडी पिशवी काढली आणि माझ्या हातात ठेवली. ती पिशवी आजही माझ्या स्वयंपाकघरात दाराला टांगलेली असते. तेरा वर्षांत तिचे बंद मी दोनदा बदलले.

अक्का आमच्या कॉलेजचा परीक्षा विभाग सांभाळायच्या. सगळं कॉलेज त्यांना अक्काच म्हणायचं. चार-पाच पिढ्यांपूर्वी त्यांचं घराणं म्हैसुरात आलं. कुठल्या गावाहून, ते आता घरात कुणालाच ठाऊक नाही, पण घरी मराठीच. मराठी म्हणजे अर्थात त्यांचं मराठी. "स्वल्प थांब गं, चावी आणते," "तो सुम्ने बडबडतो, लक्ष नको देऊ," असं. मी साताऱ्याची, त्यातून मराठीच्या बाबतीत नाकावर राग. पहिल्या वर्षी मी त्यांची वाक्यं दुरुस्त करायचे. सुम्ने नाही अक्का, उगीच. स्वल्प नाही, जरा. त्या मान डोलवायच्या आणि म्हणायच्या, "आयतु, ठीक आहे, उगीच. बरं, तुझा पोर्शन कवर झाला का?"

म्हणजे अभ्यासक्रम शिकवून संपला का. हे आणखी एक कवर. मी वैतागून घरी फ्रिजवर एक कागद लावला आणि जसजसं कानावर येईल तसतसं लिहायला लागले. उशीचा अभ्रा तो कवर. गादीची खोळ ती कवर. लग्नाच्या निमंत्रणाचं पाकीट कवर, भाजीची पिशवी कवर, शेजारच्या शिक्षिकेला ताप आला म्हणून तिचा तास आपण घेतला तर तिला कवर केलं. बस चुकली आणि मग रिक्षाने वेळेत पोचलो, तर ती वेळही कवर झाली. आमच्या भाषेत यांतल्या प्रत्येकाला वेगळा, स्वतःचा शब्द आहे, आणि या एका इंग्रजी शब्दाने सगळ्यांना घरी बसवलंय, असं मी नवऱ्याला तावातावाने सांगायचे. तो गावाबाहेर बेळगोळच्या कारखान्यातून थकून आलेला असायचा. "मग आज जेवायला काय कवर केलंयस?" असं त्याने एकदा विचारलं, तेव्हा मी तो कागद फाडून टाकला.

पण अक्कांच्या घरी पहिल्यांदा गेले तेव्हा कळलं की त्या शब्दावर त्यांचा जीवच आहे. मिक्सरला शिवलेलं कवर, शिलाई मशीनला कवर, टीव्हीच्या रिमोटला कवर, चष्म्याच्या डबीलाही वरून एक कवर. मी चिडवलं, "अक्का, यजमानांना तेवढं घालायचं राहिलंय." यजमान शांतपणे म्हणाले, "हिवाळ्यात घालते, कानटोपी."

त्यांची खरी कला दिसायची जूनमध्ये. माझ्या मुलीची वह्या-पुस्तकं आली की रविवारी सकाळी त्या ब्राऊन पेपरची गुंडाळी घेऊन हजर. मी चिकटपट्टी काढली की हातावर चापट मारायच्या. "बेड गं, पट्टी नको. कोपरे नीट मोडले की कवर आपोआप बसतं. निधान कर, निधान." निधान म्हणजे सावकाश. त्यांनी घातलेलं कवर वर्षअखेरीला काढलं तरी पुस्तकावर एक सुरकुती नसायची. त्या हातांनी कुठलंही पाकीट उघडून पुन्हा बंद केलं असतं तरी कुणाला कळलं नसतं. हे मी तेव्हाही मनात म्हटलं होतं, आणि पुढे ते भलत्याच वेळी आठवलं.

आमच्या कॉलेजच्या परीक्षा कॉलेजच घेतं. प्रश्नपत्रिका जाड खाकी कवरांत, तोंडावर कागदी पट्टी, पट्टीवर शिक्का, अशा कपाटात असतात. उघडायची रीत अक्कांनी घालून दिलेली होती. खोलीत दोघांनी असायचं. एकाने कवरवरचा मजकूर मोठ्याने वाचायचा: सत्र, विषय, तारीख, वेळ. दुसऱ्याने समोरच्या वेळापत्रकावर बोट ठेवून ते पाहायचं आणि "हं" म्हणायचं. मग दोघांनी सही करायची आणि मगच कात्री. बावीस वर्षं अक्का हे "हं" म्हणत होत्या. मला ते सत्यनारायणाच्या पूजेसारखं वाटायचं. अक्षरं डोळ्यांना दिसताहेत, तर वाचून कशाला दाखवायची?

मी शिकवण्याबरोबर अक्कांच्या हाताखाली परीक्षेचं कामही बघत होते, पण माझी नोकरी तेव्हा कंत्राटावर होती. त्या वर्षी कायम करायचं की नाही, हे ठरणार होतं. बेळगोळला माणसं कमी करायचं चाललं होतं, नवरा रोज धास्ती घेऊन घरी येत होता, आणि सगळं घर मला कायम करण्याच्या त्या एका कागदाकडे डोळे लावून बसलं होतं. अक्कांना निवृत्त व्हायला आठ महिने राहिले होते.

त्या दिवशी दुपारच्या पेपरला वीस मिनिटं होती. अक्कांचे गुडघे दुखत होते, जिना चढायला त्यांना वेळ लागत होता. मी म्हटलं, "चावी द्या, मी पुढे होऊन कवर काढून ठेवते." त्यांनी क्षणभर माझ्याकडे पाहिलं आणि चावी दिली. मी वर गेले, कवर काढलं, आणि काढलंच आहे तर कापून टाकू, म्हणून कापलं. पहिला कागद बाहेर ओढला. तो उद्याचा पेपर होता.

मागे दार वाजलं, अक्का आत आल्या. त्यांनी टेबलाकडे पाहिलं, वेळापत्रकाकडे पाहिलं, आणि काही न विचारता आधी कपाटातून आजचं कवर काढलं. "वाच," म्हणाल्या. मी वाचलं. त्यांनी बोट ठेवलं, "हं" म्हणाल्या, सह्या केल्या, आणि पेपर वर्गांवर वेळेत गेले. मग त्या खुर्चीवर बसल्या.

मी दार लावून घेतलं. "अक्का, कात्री पट्टीच्या अगदी कडेने गेलीये. नव्या पट्ट्यांचं रीळ इथेच आहे, शिक्काही इथेच. तुमचा हात लागला तर कुणाला कळणारसुद्धा नाही. मी एक ओळही वाचलेली नाही, आईशप्पथ. तुम्हाला माहितीये घरी काय चाललंय ते."

आज हे लिहिताना माझे कान तापतात. पण मी हे शब्दशः म्हटलं होतं.

अक्कांनी ते कवर हातात घेतलं, कापलेल्या कडेवरून अंगठा फिरवला. मला वाटलं, करतील. मग त्यांनी ते टेबलावर ठेवलं. "नोड, बघ," त्या म्हणाल्या, "हे मी नीट चिकटवीन. इतकं नीट की मलाच ओळखू येणार नाही. आणि मग मी निवृत्त झाले की तू इथे बसशील. दर परीक्षेला कपाट उघडशील, तेव्हा तुला हेच कवर दिसेल, अल्वा? मी तुला तसलं काही ठेवून जाणार नाही." त्यांनी प्राचार्यांना फोन लावला.

राखीव प्रश्नपत्रिका होत्या, दुसऱ्या दिवशीचा पेपर त्यांतून झाला, मुलांचं काही बिघडलं नाही. पण अहवाल द्यावा लागला. मी माझा लिहिला, खरा खरा. अक्कांनी त्यांचा वेगळा लिहिला, दोनच ओळींचा. "दोघांनी मिळून उघडायचं असा नियम असताना चावी मी तिच्या एकटीच्या हाती दिली, जबाबदारी माझी." मी म्हटलं, "अक्का, चावी मी मागून घेतली." त्या म्हणाल्या, "मागितली तू. दिली कुणी?"

मला ताकीद मिळाली, पुढच्या वर्षी कायमही केलं. अक्कांकडून परीक्षा विभाग काढून घेतला. बावीस वर्षांनंतर, शेवटचे आठ महिने त्यांना ग्रंथालयात पुस्तकं मोजायला बसवलं. त्यांनी एकदाही मला तोंडाने काही ऐकवलं नाही. मी रडले तर "पर्वागिल्ला गं, चालतंय, इथे कवर घालायला पुष्कळ पुस्तकं आहेत" म्हणाल्या, आणि खरंच ब्राऊन पेपर मागवला. पुढच्या सत्रात कपाटाची चावी कुणाला द्यायची असा प्रश्न आला, तेव्हा प्राचार्यांना माझं नाव सांगायलाही त्याच गेल्या होत्या. "तिलाच द्या, ती आता कधी घाई करायची नाही," असं म्हणाल्या म्हणे.

मी आता कुणाचं मराठी दुरुस्त करत नाही. माझी मुलगी "आई, कवर दे" म्हणते तेव्हा मी निमूटपणे पिशवी देते. या गावाने मला जे काही दिलं, त्यातलं बरंचसं मला त्या बाईच्या हातून मिळालं, आणि तिच्या मराठीला मी वर्षभर नाक मुरडत होते.

त्यांच्या नोकरीतली शेवटची परीक्षा मला विसरता येत नाही. माझ्या जोडीला गणिताच्या एक नव्या बाई होत्या. नियमाप्रमाणे अक्कांना खोलीत यायची परवानगी नव्हती. त्या ग्रंथालयातून गुडघे सांभाळत वर आल्या होत्या आणि व्हरांड्यात, उंबऱ्याच्या पलीकडे उभ्या होत्या. मी कवर उचललं आणि मोठ्याने, अगदी दारापर्यंत ऐकू जाईल असं वाचलं: पाचवं सत्र, अर्थशास्त्र, आजची तारीख, दुपारची वेळ. नव्या बाईंनी वेळापत्रकावर बोट ठेवलं आणि मान हलवली. मी कात्री उचलली नाही, थांबले. बाहेरून आवाज आला, "हं."

मग मी कवर कापलं.