जांभळ्या अंगाने

दादा गेल्यावर सात महिने ताईने फक्त साधे खडे घासले. एका खोलीत दोन चाकं, मध्ये एक खिडकी. तिथं बहीणभावांनी एकतीस वर्षं रत्नांना पैलू पाडले होते. हात दोघांचेही चालत, पण निर्णय दादाचा.

त्या दिवशी व्यापारी आला आणि त्याने कागदाची पुडी उलगडली. आत सुपारीएवढा तपकिरी खडा होता.

"ताई, जपून. पुन्हा मिळायचा नाही."

तिला ते माहीत होतं. जगात हा खडा एकाच डोंगराच्या पायथ्याशी, चार-पाच मैलांच्या पट्ट्यात सापडतो. कधीतरी वीज पडून तिथला माळ पेटला आणि गुराख्यांना राखेत निळे खडे दिसले, असं सांगतात. दादा ही गोष्ट प्रत्येक गिऱ्हाइकाला ऐकवायचा, आणि दर वेळी वीज आणखी मोठी व्हायची.

ताईने खडा भट्टीत ठेवला. तापवून, सावकाश निववून बाहेर काढला तेव्हा तपकिरी रंग पार पुसला गेला होता. एका अंगाने पाहिलं तर गर्द निळा, जरा फिरवला की जांभळा.

"बघ रे!" ती वळून म्हणाली. शेजारच्या चाकावर कापड झाकलेलं होतं.

खडा मुठीत धरून ती खिडकीशी गेली.

आता प्रश्न होता, पैलू कुठल्या अंगाने पाडायचे. निळा वर आणायचा तर खडा बराच घासावा लागणार; जांभळ्यात आकार मोठा राहणार. दादा नेहमी निळाच काढायचा. ताईला मनातून जांभळा आवडायचा, पण ते तिने कधी बोलून दाखवलं नव्हतं. बोलली असती तर त्याने तासभर वाद घातला असता. आज वाद घालायलाही कोणी नव्हतं.

तिने खडा लाखेने काडीला चिकटवला, जांभळं अंग वर करून.

खडा ठिसूळ. जोर जास्त झाला की उभा चिरतो. तीन दिवस तिने श्वास रोखून काम केलं. चौथ्या दिवशी भिंगातून पाहिलं. कुठं चीर नव्हती. संध्याकाळच्या उजेडासारखा जांभळा, आणि आत खोल कुठंतरी निळं हलतंय.

व्यापाऱ्याने खडा उचलला, "सुरेख!" म्हणाला आणि गेला. सगळं मिळून पाच मिनिटं.

मग तिने वहिनीला फोन लावला. वहिनी आता लेकाकडे दूर राहत होती.

"वहिनी, मोठा खडा केला. जांभळा."

"जांभळा? अगं, ह्यांनी घर डोक्यावर घेतलं असतं!"

"हो ना."

दोघी हसल्या. हसणं आधी वहिनीचं थांबलं.

"जेवलीस का गं?"

"जेवते आता," ताई म्हणाली. पलीकडून नातवाची हाक आली आणि फोन बंद झाला.

ताई उठली. भावाच्या चाकावरचं कापड तिने काढलं, झटकलं आणि घडी करून फळीवर ठेवलं. मग हात धुऊन जेवायला बसली.