फुकटच्या संगणकाची पाळ

मामाजी, म्हणजे माझे सासरे, करडी गावची शेती बटईने कसायला देऊन जवाहरनगरला कारखान्याच्या आमच्या क्वार्टरमध्ये राहायला आले, तेव्हा ते टिकतील असं कुणालाच वाटत नव्हतं. कितीतरी दिवस त्यांनी कपडे पिशवीतून काढलेच नाहीत. मला मात्र ते राहायला हवे होते. नवरा ड्युटीवर गेला की घरात भांडायला माणूस उरत नसे, आणि मामाजी फार छान भांडत. त्यांना धरून ठेवलं ते आमच्या जुन्या संगणकातल्या पत्त्यांनी. जेवण झालं की खुर्चीवर मांडी घालून बसायचं, डाव लावायचा, हरले की मशीनला शिव्या द्यायच्या.

मग तो संगणक अडून बसला. त्यात विंडोज होतं, तेही दुकानदाराने घालून दिलेलं, चोरीचं. अस्सल हवं तर मशीनही नवीन घ्या, असं तोच दुकानदार आता साळसूदपणे सांगत होता. शेवटी नवऱ्याने कारखान्यातल्या मित्राकडून विंडोजच्या जागी लिनक्स आणून बसवलं. तेच म्हातारं यंत्र तुरुतुरु चालू लागलं. मेनू मराठीत, पत्ते हजर आणि सगळं फुकट.

फुकट म्हटल्याबरोबर मामाजींनी माउसवरचा हात काढला.

"कोनाचं हाय हे?"

"कोनाचंच नाही, बाबा. सगळ्यायचं," नवरा म्हणाला.

"गावच्या तलावासारखं?"

"हो, तसंच."

"मंग पाळीवर माती कोन टाकते?"

तलावाचं पाणी घेणाऱ्या प्रत्येक घराने पावसाळ्याआधी त्याच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, माती टाकायची असा त्यांच्या गावचा रिवाज. जो टाकत नसे, त्याच्या धानाला पाणी सोडायचं लोक हटकून विसरत. नवऱ्याने सांगितलं, इथे जगभरचे लोक आपापल्या सवडीने माती टाकतात.

"आन् आपन?"

आपण काहीच टाकत नव्हतो. "मंग मी नाही खेळत," म्हणून ते उठले.

"पन मामाजी, पहिलेवालं तं चोरीचं होतं!" मी म्हटलं.

"आपन पैसे देल्ले नं? मंग ते दुकानदाराचं पाप."

पुढचे काही दिवस ते फाटकाशी उभे राहून कारखान्याच्या बसा पाहत राहिले. एका सकाळी त्यांनी गावी जायला पिशवी झटकली. मी घाईने मोबाईलवर शोधशोध केली. मेनूतले मराठी शब्दही साध्या माणसांनीच लिहिलेले असतात आणि ते सुधारायला कुणालाही सुचवता येतं, असं कळलं.

"मामाजी, माती सापडली!" मी ओरडले.

तेव्हापासून ते चष्मा नाकावर ओढून एकेक मेनू मोठ्याने वाचू लागले आणि मी टाइप करू लागले. पत्त्यांच्या खेळात पुढची चाल दाखवणाऱ्या बटणावर 'संकेत' लिहिलं होतं. "पत्ते खेळताना कोन म्हनते संकेत? 'चाल सांग' लिव." मी लिहिलं, पाठवलं. माती पडली म्हणून मामाजी निवांत डाव लावून बसले.

काही दिवसांनी उत्तर आलं. हे मराठी शब्द तपासणाऱ्या, दूरच्या कुठल्या तरी जिल्ह्यातल्या गृहस्थांनी कळवलं होतं, आपली सूचना फार बोलीतली आहे, 'संकेत'च राहील. मी भीत भीत वाचून दाखवलं. मामाजी लाल झाले.

"यानं कधी पत्ते हातात तरी धरले हायेत का? लिव!"

त्यांनी सांगितलेल्यातलं लिहिण्याजोगं तेवढंच मी लिहिलं. गृहस्थांनी नम्रपणे उत्तर दिलं. त्या नम्रपणाने मामाजी आणखीच भडकले.

धान कापणीच्या सुमारास करडीहून त्यांच्या मित्राचा फोन आला. फोन नेहमीप्रमाणे स्पीकरवर होता. "पोराच्या घरी किती दिवस बसून राहशील? ये आता वापस," तो म्हणत होता. कणीक मळता मळता माझे हात थांबले.

"कसा येऊ बा?" मामाजी ओरडले. "इथं भांडन अर्ध्यावर हाय माह्यं!"