फळ्यावरचा कीबोर्ड

नव्वदच्या आसपास मी धुळ्यात संगणकाच्या वर्गाला जायचो. वर्गात संगणक नव्हता. शिकवणारे सर आधी दोंडाईच्याला एका शाळेत गणिताचे हंगामी शिक्षक होते. दर जूनमध्ये नेमणूक, दर उन्हाळ्यात घरी.

फळ्याच्या कोपऱ्यात त्यांनी खडूनं कीबोर्ड काढून खाली ‘पुसू नये’ लिहिलं होतं. आमच्या वहीतल्या प्रोग्रॅमवरून ते ओळीओळीनं बोट फिरवत, मधेच थांबत आणि म्हणत, “इथं मशीन अडेल.” ते इतक्या खात्रीनं सांगत की आम्ही निमूट ती ओळ खोडायचो.

सहा महिन्यांनी मशीन आलं. सरांनी चपला बाहेर काढल्या, हात धुतले आणि समोर नुसते उभे राहिले.

मी विचारलं, “सर, चालू कुठून करायचं?”

एरवी वर्गात पुस्तकी मराठी बोलणारे सर हळू आवाजात अहिराणीत म्हणाले, “भाऊ, मी बी आजच देखी राहिनू.”

सगळं ते एका पुस्तकावरून शिकले होते, मशीन कधी न बघता. आमची वयं हसायची होती, पण कुणी हसलं नाही. बटण मी शोधलं. सरांनी एका बोटानं पहिला प्रोग्रॅम टाइप केला. मशीन कुठंच अडलं नाही.

दुसऱ्या दिवशी फळ्यावरचा कीबोर्ड पुसलेला होता. ‘पुसू नये’ तेवढं राहिलं होतं.